डेलावेअरच्या गव्हर्नरांना एका बिनमताच्या भागधारकाचे पत्र

मा. मॅट मायर,
गव्हर्नर, डेलावेअर राज्य

सप्रेम नमस्कार.

मी आपला मतदार नाही. नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीत राहतो. पत्र मराठीत लिहितोय, कारण आपले कायदे पुण्यातल्या स्टार्टअपवाल्या पोरापर्यंतही पोचतात. अमेरिकी गुंतवणूकदार पैसे देण्याआधी त्याला सांगतो, ‘कंपनी डेलावेअरची कर.’ तो करतो. डेलावेअर नकाशावर कुठे आहे हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.

माझी निवृत्तीची पुंजी फंडांत आहे, थोडे शेअर स्वतःच्या नावावर. फॉर्च्यून ५०० पैकी सुमारे दोनतृतीयांश कंपन्या आपल्याकडे नोंदलेल्या आहेत. राज्यात माणसे १० लाखांच्या आसपास आणि कंपन्या २० लाखांहून जास्त! या कंपन्यांच्या संचालकांना मी काय विचारू शकतो, हे आपल्या राजधानीत, डोव्हरमध्ये बसलेले ६२ आमदार ठरवतात. त्यांतल्या एकालाही निवडण्याचा किंवा पाडण्याचा अधिकार मला नाही.

म्हणून आपला कंपनी कायदा बदलणाऱ्या सिनेट बिल २१ बद्दल बोलायचे आहे. टेस्लाच्या अवघ्या ९ शेअरांच्या मालकाने लावलेल्या दाव्यात जानेवारी २०२४ मध्ये आपल्या कंपनी-दाव्यांच्या कोर्टाच्या प्रमुख न्यायाधीश (चॅन्सलर) कॅथलीन मॅकॉर्मिक यांनी टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांचे सुमारे ५६ अब्ज डॉलरचे मोबदल्याचे पॅकेज रद्द केले. मस्क चिडले आणि कंपनीची नोंदणी टेक्ससला घेऊन गेले. १७ फेब्रुवारी २०२५ ला बिल मांडले गेले, २५ मार्चला आपली सही झाली. ३६ दिवस! आमच्याकडे सातबाऱ्यावर वारसाचे नाव चढायलाही याहून जास्त दिवस लागतात.

बडा मालक कंपनीशी स्वतःच व्यवहार करतो, तेव्हा कोर्टाची कडक छाननी टाळायला पूर्वी दोन गोष्टी लागत: स्वतंत्र संचालकांच्या समितीची मंजुरी आणि उरलेल्या भागधारकांचा कौल. आता बहुतेक व्यवहारांना यांपैकी एक पुरते. मला जास्त बोचते ते दप्तराचे कलम. भागधारकाने कागद मागितले, तर आता मुख्यतः इतिवृत्ते आणि बोर्डापुढे ठेवलेली टिपणे मिळणार. ईमेल मिळणे जवळपास बंद. आणि गडबड इतिवृत्तात कोण लिहून ठेवतो?

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने मस्क यांचे पॅकेज परत बहाल केले. वादीच्या पदरात नाममात्र १ डॉलर. तो निकाल योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण न्यायालयाचा निर्णय वरचे न्यायालय फिरवू शकत होते, तर विधिमंडळाला एवढी घाई कसली होती?

घाई कसली ते मला ठाऊक आहे. आपल्या तिजोरीतला जवळपास चौथा हिस्सा कंपनी नोंदणीच्या करांतून आणि शुल्कांतून येतो. गिऱ्हाईक पळाले तर काय, ही धास्ती आमच्या न्यू जर्सीने भोगली आहे. १८८९ पासून आम्ही होल्डिंग कंपन्यांना (दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या कंपन्यांना) मोकळे रान दिले; तेलातली मक्तेदार स्टँडर्ड ऑइल इथेच नोंदलेली होती. १९१३ मध्ये गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी मक्तेदारीला लगाम घालणारे सात कायदे केले आणि कंपन्यांनी नदी ओलांडली. आपला १८९९ चा कंपनी कायदा तर आमच्याच कायद्यावर बेतलेला. आता टेक्ससने मे २०२५ मध्ये आणखी खालची बोली लावली आहे: कंपनीच्या वतीने दावा करायला ३ टक्क्यांपर्यंत शेअर हवेत, अशी अट कंपन्या घालू शकतात. टेस्लात ३ टक्के म्हणजे अब्जावधी डॉलर. ९ शेअरवाल्याने घरी बसायचे. त्याच्याही खाली आपण कुठवर जाणार?

हे फक्त कोर्टापुरते राहत नाही. आपल्याच नूअर्क शहरात २०१८ च्या सार्वमतात एका माणसाने ३१ कंपन्यांच्या वतीने ३१ मते टाकली. २०२३ मध्ये आपल्याच सीफर्ड शहराने कंपन्यांना पालिका निवडणुकीत मताधिकार मागितला. राज्याच्या विधिमंडळात त्याचा कायदा होऊ शकला नाही, हे नशीब. मला मत नाही त्याची तक्रार नाही हो, मी परका. पण कागदावरच्या कंपनीला मत मिळायची वेळ येते, याचे नवल वाटते.

दोन मागण्या आहेत. दप्तराचे कलम पूर्ववत करा. कोर्टाने गरजेप्रमाणे ईमेल द्यायला लावावेत. आणि कंपन्यांना मत देणारे कुठलेही बिल आपल्या टेबलावर आले, तर सही करू नका.

आपला,
न्यू जर्सीतला एक भागधारक