ताई, चिंच आणि खारीक आता पोटभर जेवतात

प्रिय ताई,

आभार मानायचे तर तोंडावर मानायला हवे होते. पण तुम्ही निघालात तेव्हा माझा कंठ दाटून आला होता आणि "सावकाश जा" याच्यापलीकडे काही बोलताच आलं नाही. नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई म्हणते. पत्र मात्र उघडच लिहिते आहे. इंग्लंडातल्या आपल्या किती घरांत पोरं आईबापांच्या मागे सरड्या-पालींसाठी लागलेली असतील, त्यांच्या आईबापांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. चिंच आणि खारीक ही बॉस्क मॉनिटरची पिल्लं, म्हणजे आपल्या घोरपडीचे पश्चिम आफ्रिकेतले भाऊबंद. घाना, टोगो, बेनिन या देशांतून ही वीतभर पिल्लं दरवर्षी हजारोंनी परदेशी दुकानांत येतात आणि स्वस्तात विकली जातात. इथे त्यांना परवानाही लागत नाही. माझ्या मुलाने वाढदिवसाचे पैसे साठवून ती घेतली. दुकानदाराने जे जे सांगितलं ते ते सगळं आम्ही विकत आणलं: काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, खाली लाकडाचा भुसा, रात्रंदिवस जळणारा लाल बल्ब आणि खायला गोठवलेली उंदराची पिल्लं. "वाळवंटातला प्राणी आहे, पाणी फार लागत नाही," असं तो छातीठोकपणे म्हणाला.

काही दिवसांतच दोघांचे डोळे खोल गेले. चिंच भुशात तोंड खुपसून पडून राहायची, खारीक उंदराकडे बघायचाही नाही. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "ही जात अशीच असते. मेलं तर घेऊन या, बदलून देतो." बदलून देतो! चपलेचा अंगठा तुटल्यासारखं! मुलगा शेजारीच उभा होता, त्याने ते ऐकलं. जवळच्या दवाखान्यात गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी डब्यात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. कुत्री-मांजरं सोडून काही बघत नाही, एवढं बोलून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. बघता येत नसेल, कबूल. पण कुणाकडे जा एवढं तरी सांगायला काय हरकत होती? या देशात 2006 सालचा प्राणी कल्याण कायदा आहे आणि तो सरपटणाऱ्या प्राण्यांनाही तितकाच लागू आहे. भिंतीवर त्याची पाटी लावणाऱ्यांनी ती एकदा वाचावी.

मग ओळखीतून ओळख निघाली आणि तुम्ही आलात. आठवडाभर दुसऱ्यांचे प्राणी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, भर पावसात.

त्या दिवशी तुम्ही केलेल्या एका गोष्टीवर माझं मन अजून अडकलं आहे. तुम्ही टाकीपाशी आलात, आत पाहिलंत आणि काही न बोलता आधी स्वयंपाकघरात गेलात. गरम पाण्याच्या नळाखाली दोन्ही हात धरलेत, कोरडे केलेत, मग परत येऊन गुडघ्यावर बसलात. हात आत घातलात तो वरून नाही, बाजूने. तळवा उताणा टेकवलात आणि थांबलात. कितीतरी वेळ तसाच हात ठेवून बसला होतात. शेवटी चिंचने जीभ बाहेर काढून तुमच्या बोटाला लावली आणि हळूहळू, ओढत ओढत, तळव्यावर येऊन पडली. "गार पडलीय गं पोरगी," एवढंच तुम्ही म्हणालात. तोवर तिला कुणी पोरगी म्हटलं नव्हतं. आमच्यासाठी नाही, पैशासाठी तर नाहीच, त्या मूठभर जिवाला गार हात लागू नये म्हणून तुम्ही नळापाशी थांबला होतात. माझा मुलगा तेव्हा पहिल्यांदा रडला. तोवर डोळ्यांत पाणी येऊ न देता सगळं बघत होता बिचारा.

खारीकच्या मागच्या पायाच्या दोन बोटांवर जुन्या कातीची कडी घट्ट बसली होती. ती तशीच राहिली असती तर रक्त अडून बोटं झडली असती, हे आम्हाला कोण सांगणार होतं? कोमट पाण्यात पाय भिजवून, ओल्या कापसाच्या काडीने तुम्ही ती सोडवलीत. एक निघाली, दुसरी निघेना, तर ओढली नाहीत. "उद्या तू कर," म्हणून काडी मुलाच्या हातात दिलीत.

बाकीची व्यवस्था कशी लावली ते सगळं इथे लिहीत बसत नाही, पण मूळ गोष्ट सांगायलाच हवी. ही पिल्लं वाळवंटातली नव्हेतच. ती गवताळ प्रदेशातली, आणि घानामध्ये ती मोठ्या रातकिड्यांच्या बिळांत लपतात, त्याच रातकिड्यांवर वाढतात. वर ऊन भाजून काढतं, खाली बिळात ओल असते. आमच्या टाकीत बिळ नव्हतं, ओल नव्हती, जाळीतून सगळी वाफ उडून जायची. कोरड्या हवेत श्वासागणिक अंगातलं पाणी जातं, मूत्रपिंडं थकतात, पुढे सांध्यांत आणि आतल्या अवयवांत यूरिक आम्ल साठतं. असे प्राणी हळूहळू मरतात आणि दुकानदार म्हणतो, जातच अशी. भुसा काढून तुम्ही माती-वाळूचा फूटभर थर घालायला लावलात. मूठभर माती दाबून दाखवलीत: मूठ उघडली तरी गोळा राहायला हवा, बोटाने टोचला की फुटायला हवा. दिव्याखालचा दगड 55 ते 60 अंश तापला पाहिजे म्हणालात तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण दुसरं टोक 25 अंशांच्या आसपास ठेवलं की पिल्लू दगडावर अंग तापवून आपलं आपण निघून जातं, हे आता रोज डोळ्यांनी बघते. उंदीर बंद झाले. रातकिडे, टोळ, झुरळं, गांडुळं आणि वर कॅल्शियमची भुकटी. दोघांना वेगळं केलंत तेही किती बरं झालं! आम्हाला वाटायचं, एकमेकांना सोबत आहे. चिंच खरं तर खारीकच्या धाकाने उपाशी राहत होती.

तुम्ही पेट्रोलचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. चहा घेतलात, आणि जाताना तुमचं तापमान मोजायचं यंत्र मुलाच्या हातात ठेवून गेलात. त्याच्याशी तुम्ही मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललात. एवढ्याशा वागण्याने पोर उभं राहतं ताई. शिकलेली, पगारी माणसं जिथे हात झटकतात, तिथे कुणीतरी आपली सुट्टी मोडून येतं. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून परक्या देशात पोरं वाढवायचा धीर होतो.

भारतातल्या वाचकांना कळकळीची विनंती: हे वाचून कुणी घोरपड घरी आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, पाळणं, पकडणं, विकणं सगळाच गुन्हा. तेलासाठी आणि असल्याच खुळचट समजुतींपायी ती आधीच पुष्कळ मारली जाते. ती रानातच असू द्या.

आता दोघं दिवसभर माती उकरतात. चिंचने दिव्याच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्याखालपर्यंत बोगदा खणला आहे आणि टोळ टाकला की त्या टोकातून धावत येते. मोठी झाली की प्रत्येकाला आठ फूट लांब पेटी लागेल असं तुम्ही म्हणाला होतात. पहिल्या पेटीचं प्लायवूड मागवलं आहे. आतून कोणतं अस्तर लावायचं यावर बापलेकांचं एकमत होत नाही, तेव्हा ते बघायला या, आणि या वेळी जेवूनच जा. पिठलं-भाकरी करते.

तुमची,
चिंच-खारीकच्या घरची आई