कोठारातली पुस्तके मागवणार कशी?

महोदय,

मुंबईतल्या ग्रंथालयांत जागा संपली की कमी फिरणारी पुस्तके कोठारात, म्हणजे वाचकांच्या नजरेआडच्या साठ्यात, जातात. त्यात गैर काही नाही. गैर पुढे होते. वर्ष-दोन वर्षांनी या पुस्तकांची देवघेव शून्य दिसते, ‘कोणी मागतच नाही’ असा शेरा पडतो आणि निर्लेखनाची, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी तयार होते. जे दिसतच नाही ते वाचक मागणार कसे?

‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली असलेल्या ग्रंथालयांना यावरच्या उपायाला विशेष खर्च नाही. पुस्तक खाली कोठारात पाठवताना प्रतीच्या नोंदीत ‘कोठार’ हे स्थान घालायलाच हवे. एरवी तालिका (पुस्तकांची संगणकीय सूची) ‘उपलब्ध’ सांगते, वाचक कपाट धुंडाळतो आणि निघून जातो. बारकोड स्कॅन करून शे-दोनशे प्रतींचे स्थान एकदम बदलता येते. गठ्ठे आधी हलवून ‘नोंदी मग करू’ म्हटले की त्या होत नाहीत. दुसरी अडचण आरक्षणाच्या नियमात असते. तो ‘सर्व प्रती बाहेर असतील तरच’ असा असेल, तर कोठारात स्वस्थ बसलेल्या प्रतीसाठी मागणी नोंदवण्याचे बटणच उमटत नाही. सगळ्यांसाठी नियम सैल करायचा नसेल तर कोठारातल्या प्रतींना वेगळा प्रकार द्यावा आणि त्याच प्रकाराला सूट द्यावी.

पुष्कळ वाचक नाव ठरवून येत नाहीत, शेजारची पुस्तके चाळतात. कोहात ‘शेल्फ ब्राउझर’ ही शेजारची पुस्तके पडद्यावर दाखवणारी सोय त्यासाठीच आहे. मात्र त्यात ‘स्थान वापरा’ हा पर्याय चालू असेल तर कपाटातली आणि कोठारातली पुस्तके वेगवेगळ्या रांगांत पडतात. तो बंद केला की दोन्ही वर्गांकानुसार, म्हणजे विषयाच्या क्रमांकानुसार, एका रांगेत येतात. अट एकच: कोठारात पुस्तके आकाराने किंवा दाखलांकाने (संग्रहात आल्याच्या क्रमांकाने) लावली तरी नोंदीतला वर्गांक पुसू नये.

जुन्या मराठी पुस्तकांची गोष्ट निराळी. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या शीर्षकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘मुंबईंतील’ अशी रूपे असतात; वाचक ‘काही’, ‘नाव’, ‘मुंबईतील’ टाइप करतो आणि साध्या शोधात हाती काही लागत नाही. मूळ शीर्षक पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाप्रमाणेच ठेवावे. आजचे रूप नोंदीतल्या २४६ क्रमांकाच्या, म्हणजे पर्यायी शीर्षकाच्या, फील्डमध्ये जोडावे. युनिकोडआधीच्या फॉण्टमधून आणलेल्या नोंदी काही ठिकाणी अजूनही निरर्थक चिन्हांत आहेत. त्या पुस्तकांना कोठार म्हणजे अडगळच. सुरुवात तिथून करावी.

नियतकालिकांच्या बांधीव खंडांचे तर विचारूच नका. १९०९च्या ‘मासिक मनोरंजन’पासून दिवाळी अंकांची परंपरा सांगतो आपण, पण तालिकेत सहसा फक्त नाव, वर्ष आणि खंड. आत कोणाची कथा, कोणता लेख, हे कळायला खंड हातात हवा आणि तो तर खाली आहे. प्रत्येक अंकाच्या अनुक्रमणिकेचा मोबाइलने फोटो काढून नोंदीला जोडला तर वाचकाला निदान नजर टाकता येते. पण फोटोतली अक्षरे शोधात सापडत नाहीत. म्हणून सवड मिळेल तशी लेखकांची नावे ५०५ क्रमांकाच्या, म्हणजे अनुक्रमणिकेच्या, फील्डमध्ये टाइप करावीत, सगळी नाही तरी ठळक.

खाली गेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या जागी कपाटात खुणेचा पुठ्ठा लावायला जागा नसते. प्रत्येक विषयाच्या शेवटी एक लॅमिनेटेड पट्टी पुरे: ‘महाराष्ट्राचा इतिहास (९५४.७९२): आणखी पुस्तके कोठारात आहेत. सकाळी मागा, दुसऱ्या दिवशी ४ नंतर न्या.’ खाली निदान ३ सेंटिमीटरचा क्यूआर कोड. तो छापील यादीकडे नको, त्या वर्गांकाच्या शोधाकडे नेणारा हवा, म्हणजे नवी भर आपोआप दिसते. वेळ लिहायची ती पाळता येईल अशीच. आठवड्यातून दोनदाच माणूस खाली जात असेल तर ते दोन वार लिहावेत.

परत आलेले पुस्तक लगेच खाली धाडू नये. देवघेव टेबलाशेजारच्या गाडीवर पंधरा दिवस ठेवावे. तिथून कोणी पुन्हा उचलले तर ते मूळ कपाटात लावावे आणि त्याच विषयातले बराच काळ न हललेले एखादे त्याच्या जागी खाली पाठवावे.

– एक निवृत्त ग्रंथपाल, दादर