गोठा कुठं होता?

हाइडीच्या परसबागेत भेटलेल्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. मेलबर्नजवळ बुलीनला, हाइडी कलासंग्रहालयाच्या परसबागेत तुम्ही वाफे खुरपत होतात. मी आप्पांना, माझ्या वडिलांना, घेऊन आले होते. कोल्हापूरकडे त्यांनी चाळीस वर्षं म्हशी सांभाळल्या, दोन्ही वेळा डेअरीला दूध घातलं. इकडे आल्यापासून तीन आठवडे ते नुसते खिडकीशी बसून होते.

जुनं घर आम्ही आधीच पाहिलं होतं. जॉन आणि संडे रीड या कलाप्रेमी जोडप्यानं १९३४ साली यारा नदीकाठची ही १५ एकरांची जागा घेतली, आणि मग चित्रकारांना हे घर आपलंच झालं. सिडनी नोलाननं १९४६-४७ मध्ये नेड केली या बंडखोर दरोडेखोरावरची आपली गाजलेली चित्रमालिका जवळजवळ सगळी इथल्याच जेवणघरात रंगवली. हे सगळं मी मोठ्या हौसेनं सांगत होते. आप्पांच्या कानात मात्र माझं एकच वाक्य राहिलं होतं: रीड येण्याआधी इथं दुधाचा धंदा होता. तुम्हाला पाहताच त्यांनी मला म्हटलं, "विचार बाईंना, गोठा कुठं होता?"

मला ते विचारायला संकोच वाटला. तुम्ही मात्र खुरपं खाली ठेवलंत. "नेमकी जागा मला ठाऊक नाही, पण यांना कुठं असावा वाटतं?" असं उलट त्यांनाच विचारलंत, आणि अर्धा तास त्यांच्या चालीनं उतारावरून हिंडलात. पुराचं पाणी चढणार नाही इतका उंचवटा हवा, शेणपाणी वाहून जायला उतार हवा, गुरांना नदी जवळ हवी. आप्पा काठीनं दाखवत होते, मी भाषांतर करत होते आणि तुम्ही मन लावून ऐकत होतात. इथं आल्यापासून त्यांना त्यांच्या कामातलं कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

रीडांनी १९८० मध्ये यातली बहुतेक जागा सरकारला विकली, पुढच्याच वर्षी ती लोकांसाठी उघडली. त्या दाराशी आमच्यासारख्यांची वाट पाहणारं कुणी असतं, हे तुमच्यामुळे कळलं. मनापासून आभार.

परवा आप्पा गावी परतले. काल फोनवर म्हणाले, पाऊस पडला की त्या उंचवट्याखाली पाणी साचतं का, बाईंना विचार. शनिवारी येतेय विचारायला.

तुमची,
आप्पांची लेक