लक्सरचं मस्टर

प्रिय चिऊ,

काल इजिप्तमधल्या लक्सरची डे ट्रिप झाली. रात्री फोनवर आईच बोलत होती त्यामुळे मला नीट सांगता आलं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यात टाकण्यासारखं हे नाही, म्हणून सरळ पत्रच लिहितोय. निवांत वाच.

पहाटेच निघालो, ऊन चढायच्या आत थडगी बघून घ्यावीत म्हणून. सगळी थडगी नाईलच्या पश्चिमेला, सूर्य मावळतो त्या बाजूला. व्हॅली ऑफ किंग्ज म्हणजे राजांच्या थडग्यांची दरी, तिच्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात, तुतनखामेन आणि सहावा रामसेस या राजांच्या थडग्यांची तिकिटं वेगळी, ती दोन्ही काढलीच, तू कधी आलीस तर तूही काढ, तिथे पैशाचा विचार करू नकोस. गाइडला आत बोलायची परवानगी नसते, तो बाहेर सावलीत टॅबवर चित्रं दाखवून सगळं समजावतो आणि मग आपण आपलं आत जायचं.

सहाव्या रामसेसच्या थडग्यात शेवटच्या दालनाचं छत बघ. नूत देवी, एकदा दिवसाची एकदा रात्रीची, पाठीला पाठ लावून दोन्ही अंगं छतभर पसरलेली, संध्याकाळी ती सूर्य गिळते आणि पहाटे परत जन्माला घालते. मान दुखेपर्यंत बघत राहिलो. त्याच्या शेजारीच खाली तुतनखामेनचं, अगदी लहान, त्याची ममी अजून तिथेच आहे. हे थडगं एवढी शतकं का वाचलं माहितीये? वरचं थडगं खोदताना निघालेला दगडांचा राडारोडा खालच्या दारावर पडला आणि तिथेच कामगारांनी आपल्या झोपड्या बांधल्या. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये हे थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या माणसांना पहिली पायरी सापडली ती त्या झोपड्यांच्या खाली.

हे ऐकलं आणि माझं डोकं राजांवरून उठलं ते कामगारांवर गेलं. म्हणून गाइडला म्हटलं आम्हाला देर अल-मदिना बघायचंच आहे. बऱ्याच डे ट्रिपमध्ये ते नसतं, आधीच सांगून ठेवावं लागतं आणि तिकीट वेगळं. ही थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या लोकांचं गाव. मधून एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून घरं, आता कमरेएवढ्या दगडी भिंतीच उरल्यात. गावात पाणी नव्हतं, सगळं गाढवांवरून यायचं. पगार गहू आणि जवाच्या रूपात. थडग्यात काळोख, म्हणून दिव्याच्या वाती मोजून द्यायचे आणि किती दिल्या त्याची नोंद ठेवायचे.

आणि चिऊ, यांचं मस्टर सापडलंय! दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षाचं, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं, चुनखडीच्या दगडावर लिहिलेलं. ४० माणसांची नावं, पुढे काळ्या शाईत खाड्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेच्या वर लाल शाईत कारण. आजारी. डोळे आलेत. विंचू चावला. बिअर गाळायची होती. आईचं प्रेत बांधायचं होतं. घरात बायकोची किंवा मुलीची पाळी आहे. साहेबाच्या कामाला गेला. मी आयुष्यभर साइटवर मस्टर भरलं, मला ही सगळी कारणं तोंडपाठ आहेत गं, फक्त आमच्याकडे कारण लिहायला रकानाच नव्हता, नुसता खाडा लावायचा आणि पैसे कापायचे. तिथल्या कारकुनाने तेवढी लाल ओळ लिहिली म्हणून आज आपल्याला कळतं की त्या दिवशी त्या माणसाची आई गेली होती.

तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, इ.स.पूर्व ११५७ च्या सुमाराला, धान्य थकलं तेव्हा याच गावाने काम बंद केलं आणि देवळापाशी जाऊन बसले, भूक आणि तहान लागली म्हणून आलोय, कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा. जगातला नोंदवलेला पहिला संप हाच असं मानतात, त्याचा पपायरस, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या कागदावरची नोंद, इटलीत तुरीनला आहे. आणि धान्य मिळालं त्यांना.

याच लोकांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःची थडगी पण रंगवली. त्यातलं सेन्नेद्जेम नावाच्या कामगाराचं बघितलं. खाली उतरायला उभा जिना, वाकून जावं लागतं, आई वरच थांबली. आत एवढीशी खोली, छत कमानीचं, सगळीकडे पिवळा रंग, आणि पूर्वेकडच्या भिंतीवर तो आणि बायको पांढऱ्याशुभ्र कपड्यात, तो नांगर धरून चाललाय आणि ती मागून बी पेरतेय. मेल्यानंतरचं त्यांचं शेत. पीक उंच, नांगराला गाई. राजांच्या थडग्यांवर रोज राबणाऱ्या माणसाने स्वतःसाठी शेती मागितली आणि बरोबर बायको.

हातशेपसुत राणीचं देऊळ भव्य आहे, कर्नाकच्या देवळातले १३४ खांब पण बघितले, फोटो पाठवतोच, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता तुझ्याकडे काम आहे. तो मस्टरचा दगड तुझ्या लंडनमध्येच आहे, ब्रिटिश म्युझियमकडे, नंबर ईए ५६३४. आधी त्यांच्या वेबसाइटवर बघ सध्या मांडलेला आहे का, असेल तर एखाद्या शनिवारी जा. उजव्या कडेला वरून खाली नावं आहेत, तिथून सुरुवात कर आणि लाल अक्षरं स्पष्ट दिसतील असा जवळून फोटो काढून मला पाठव. आपल्या जुन्या साइटवरच्या मंडळींना दाखवायचाय.

तुझा,
बाबा