बांधावरचा रस्ता खासगी, मग नळा कुणी बदलायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या शिवारात दरवर्षी एक काम ठरलेले असते. ओढ्यावरच्या सिमेंटच्या नळ्याजवळ खचलेला भराव पुन्हा भरायचा. घरटी वर्गणी, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचे डिझेल आणि मिळेल तेवढा मुरूम. गेल्या खरिपात मात्र नळाच मधोमध फुटला. मळणीयंत्रवाला ओढ्याच्या काठावरून परत गेला आणि भिजत आलेले सोयाबीन आम्ही ताडपत्रीत बांधून डोक्यावरून अलीकडे आणले.

दुरुस्तीसाठी अर्ज केला. उत्तर मिळाले की हा रस्ता गाव नकाशावर नाही, मालकीच्या गटांतून जातो, तेव्हा तो खासगी आहे आणि त्यावर सरकारी पैसा खर्च करता येणार नाही. हा रस्ता आम्ही आपसांत पाडलेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदारांच्या आदेशाने तो बांधावरून मिळालेला आहे. उद्या कुणी असा रस्ता अडवला, तर तो मोकळा करून द्यायला 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. हक्क देताना आणि वाद मिटवताना जो रस्ता सरकारच्या विषयात येतो, तो दुरुस्तीच्या वेळी आमच्या घरचा कसा होतो, हे मला खरोखर समजत नाही.

गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. नकाशे झाले तेव्हा रानात बैलगाडी जायची. त्यानंतर वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले, लोक मळ्यात राहायला गेले. नकाशावरच्या रेषा तेवढ्याच राहिल्या. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 पासून वाड्यावस्त्या जोडते आहे आणि तिचा उपयोग मोठा झाला, पण तिचे डांबर जिथे संपते तिथून आमचे शेत पुढे आहे. 2021 मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली. तिची सांगड रोजगार हमीशी होती, म्हणजे मजुरी आणि साहित्य यांचे 60:40 चे प्रमाण आलेच. काळ्या रानातल्या रस्त्याला मात्र मजुरीपेक्षा मुरूम, खडी आणि नळे जास्त लागतात.

शेजारच्या शिवारात एक पाणंद चांगली खडीकरण होऊन मिळाली. दोन्ही बाजूंना चर मात्र काढली नव्हती. शेतातले पाणी रस्त्यावर साचले, खालची काळी माती फुगली आणि दुसऱ्या पावसाळ्यात खडी चिखलात गेली. दरवर्षी मे महिन्यात चर उपसायला लागतात थोडी माणसे आणि दोन-तीन दिवस. त्यासाठी कुठेच तरतूद नसते, कारण निधी येतो तो नव्या कामाला.

कुणा एकाच्या फार्महाऊसच्या फाटकापर्यंत लोकांच्या पैशाने रस्ता होऊ नये, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच अट घाला. स्वीडन आणि फिनलंडमध्ये खासगी ग्रामीण रस्त्यांना सरकारी अनुदान मिळते, पण रस्ता वापरणाऱ्यांनी संघ करून तो सांभाळावा लागतो आणि अनुदान घेतलेला रस्ता इतरांना बंद करता येत नाही. आपल्याकडेही असे का होऊ नये? ज्यावर अनेक खातेदार अवलंबून आहेत, जो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदला आहे आणि सर्वांना खुला आहे, अशा रस्त्याला दरवर्षी दुरुस्तीपुरती रक्कम ग्रामपंचायतीमार्फत द्यावी. काही वाटा शेतकऱ्यांनी घालावा; तो आम्ही आजही घालतोच. इतर हक्कांत नोंद घेण्याचा निर्णय महसूल विभागाने मे 2025 मध्ये घेतलाच आहे. त्या नोंदीला दुरुस्तीचा निधी जोडणे एवढेच राहिले आहे.

आमच्या रस्त्यावरच्या अकराही खातेदारांनी संमतीपत्रावर सह्या केल्या आहेत. ज्यांच्याशी बांधावरून सहा वर्षे बोलणे बंद होते, त्यांनीही सही केली. ओढ्याला पाणी यायच्या आत तो एक नळा बदलून मिळावा, एवढी विनंती आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक शेतकरी वाचक