गुरांच्या डब्यातून सुटका

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, मालगाडीत कोंडलेली बाई पळणार कशी, असं तू फोनवर विचारलंस. रेजिन क्रोखमालचंच सांगते. जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियममधली ज्यू नर्स, नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीतली. बेल्जियममधल्या मेखेलेनच्या छावणीतून नाझी ज्यूंना गाड्या भरभरून आउशवित्झच्या मृत्युछावणीला पाठवत. 19 एप्रिल 1943 च्या रात्री 1,631 ज्यूंना घेऊन निघालेल्या अशा विसाव्या गाडीत ती होती.

आधीच्या गाड्यांना तिसऱ्या वर्गाचे डबे असत, लोक खिडक्यांतून उड्या टाकत. म्हणून या खेपेला गुरांचे डबे लावले. दाराला बाहेरून कडी, वर तार आवळलेली. हवेच्या झरोक्याला लाकडी पट्ट्या. रेजिनजवळ पाव कापायची सुरी होती. तिने त्या पट्ट्या सुरीने कापल्या आणि बेल्जियममध्येच, हाख्त गावाजवळ उडी टाकली. सुरीने लाकूड कापायला किती वेळ लागतो, ते बाबा, तुम्हाला मी काय सांगणार! आणि वेळच तर नव्हता. जर्मनीची हद्द लागली की दार उघडून आसरा देणारं घर मिळणं जवळजवळ अशक्य.

त्याच भागात, बोर्टमेरबेक गावापाशी, युरा लिफशित्झ, जाँ फ्रँकलमाँ आणि रोबेर मेस्त्रियो या तरुणांनी कंदिलाला लाल कागद लावून गाडी थांबवली. हत्यार म्हणाल तर एक पिस्तूल. मेस्त्रियोने पकडीने तार तोडून एक डबा उघडला. 17 जण उतरले, त्यांना परतीच्या भाड्यासाठी पन्नास-पन्नास फ्रँक दिले. पौर्णिमेची वेळ, त्यामुळे पहारेकऱ्यांनाही नेम धरता येत होता. पुढे इंजिन ड्रायव्हर गाडी मुद्दाम हळू हाकत राहिला. रात्रभरात 230 हून जास्त लोकांनी उड्या टाकल्या. 26 मेले, सुमारे 90 पुन्हा पकडले गेले.

उडी साधली तरी अर्धंच काम झालेलं असे. ओळखपत्रावर ज्यू असल्याचा लाल शिक्का, रेशनकार्डाशिवाय पाव नाही. ज्यूंची संरक्षण समिती खोटी कागदपत्रं आणि रेशनकार्डं पुरवायची, त्यावर कित्येकजण तगले. रेजिन युद्धातून वाचली.

त्याच गाडीत शाना ग्रोनोव्स्की होती. तिने आपल्या 11 वर्षांच्या मुलाच्या, सिमॉनच्या मोज्यात 100 फ्रँकची नोट खोचली, त्याला धरून डब्याच्या पायरीवर उतरवलं, आणि वेग कमी होताच सोडलं. तो वाचला. तिला मात्र उतरता आलं नाही. आउशवित्झमध्ये तिला मारलं.

तुमची लेक