'छान चित्रपट आहे' असं मी लिहिलं नव्हतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत लष्करी तुरुंग आणि हेरगिरीच्या चित्रपटांवर वाचकांची मतं छापून आली. त्यात 'द हिल' या ब्रिटिश लष्करी तुरुंगावरच्या सिनेमाखाली माझ्या नावावर एक वाक्य आहे : "छान चित्रपट आहे, फौजींनी जरूर पाहावा." हे वाक्य माझं नाही. तो सिनेमा बघून कुणाला छान वाटलं असेल तर घरच्यांनी त्या माणसाला एकदा डॉक्टरकडे नेऊन आणावं. आमच्या गल्लीत सकाळपासून दोघांनी विचारलं, "काय सुभेदार, सिनेमाची जाहिरात करायला लागलात?"

तुम्ही चाळीस शब्दांत मत मागवलं होतं. मी दोन पानं पाठवली, कारण चाळीस शब्दांत फक्त श्रद्धांजली बसते. कात्री लावायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कापून उरलेल्या भोकाला स्वतःच्या कापडाचं ठिगळ लावायचं आणि वर माझं नाव टाकायचं, हा अधिकार कुणी दिला? गंमत म्हणजे त्याच पानावर एका गृहस्थांनी 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' या हेरपटाचा अख्खा शेवट सांगून टाकलाय. तो मात्र काना-मात्रा न बदलता छापलात. धन्य आहे.

आता त्या यादीविषयी. 'लष्करी तुरुंग' या मथळ्याखाली पहिला नंबर 'द ग्रेट एस्केप'ला आणि तळाला 'द हिल'. अहो, हे दोन सिनेमे एका यादीत येतातच कसे? पहिल्यातली माणसं जर्मनांच्या ताब्यात आहेत. ते खरंही घडलं होतं : मार्च १९४४ मध्ये ७६ जण भुयारातून बाहेर पडले, तिघेच सुखरूप पोचले आणि पकडलेल्यांपैकी ५० जणांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. शत्रूच्या कैदेतून निसटायची खटपट करणं हे सैनिकाचं कामच समजतात. जमलं तर पदक, नाही जमलं तरी आपल्या माणसांत मान. 'द हिल'मधले पाच कैदी ब्रिटिश फौजेचे, कोठडी ब्रिटिश, पहारेकरीही ब्रिटिश, आणि बाहेर लिबियाचं वाळवंट. पळून जाणार कुठे? तक्रार करायची तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच समोर सावधान उभं राहून करायची. यात भुयार खणून काय उपयोग?

एका वाचकाला त्यात संगीत नाही म्हणून कंटाळा आला. दुसऱ्यांचं म्हणणं, शॉन कॉनरी असून मारामारी का करत नाही. तिसऱ्या बाई विचारतात, तीच ती टेकडी किती वेळा चढतात! बाई, तीच तर शिक्षा आहे. कॉनरीने हा सिनेमा 'गोल्डफिंगर' आणि 'थंडरबॉल'च्या मधे, बाँड म्हणून जगभर डोक्यावर घेतला जात असताना केला, यातच त्याला काय करायचं होतं ते आलं. संगीत म्हणाल तर पार्श्वसंगीत दिलेलंच नाही. बुटांचा आवाज, शिट्ट्या, हुकूम. लिहिणारा रे रिग्बी स्वतः लष्करी तुरुंगात राहून आलेला. त्याच्या पटकथेला १९६५ साली कान चित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळालं.

तुम्ही माझं जे कापलंत ते या आवाजाबद्दलच होतं, म्हणून पुन्हा लिहितो.

मी हवालदार असताना क्वार्टर गार्डला, म्हणजे पलटणीचे कैदी ठेवतात त्या पहाऱ्याच्या ठाण्यावर, गार्ड कमांडर म्हणून ड्यूटी लागायची. एका उन्हाळ्यात आमच्याकडे खटावकडचा एक पोरगा कैदेत आला. बाप आजारी म्हणून सुट्टीवरून उशिरा परतला, आणि पलटणीला तार करायचं कुणाला सुचलं नाही. सी.ओ. म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांपुढे मार्च-अप झाला, म्हणजे शिक्षेसाठी उभं केलं. आत नेण्याआधी दारातच टोपी आणि पट्टा काढून घेतात, तसे घेतले. अठ्ठावीस दिवस. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसरला तेवढी कैद थेट देता येते, कोर्ट मार्शल बसवावं लागत नाही. शिक्षेबद्दल माझं काही म्हणणं नाही. उशीर केला, भोगली.

पण आमच्यातला एक नाईक त्याला भरदुपारी पिठ्ठू लावायचा. पाठीवरच्या पिठ्ठूत रेती भरायची आणि मैदानाला पळत फेऱ्या. हे कुठल्या हुकमात लिहिलेलं नव्हतं. कैद्याकडे पट्टा नसतो. पोरगं आधीच हडकुळं, त्यात वाळलेलं. पँट खाली सरकायची म्हणून एका हाताने ती धरून, दुसऱ्या हाताने पिठ्ठूचा पट्टा ओढून पळायचं. मी गार्ड रूमच्या व्हरांड्यात. सुरुवातीला दोन्ही बूट सारखे वाजायचे. मग डावा घासायला लागायचा : ठप, खर्र, ठप, खर्र. समोर न बघताही कितवी फेरी चाललीय ते मला सांगता आलं असतं. पलीकडे लंगरात दुपारचं जेवण चालू. दीडशे माणूस जेवतंय आणि कुणी मान वर करत नाही. त्यांनाही ऐकू येत होतंच.

तो नाईक दुष्ट होता म्हणावं तर तसंही नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना घरची पत्रं तोच वाचून दाखवायचा. त्याला मनापासून वाटायचं की आपण पोराला वळण लावतोय. 'द हिल'मध्ये हॅरी अँड्र्यूजने केलेला सार्जंट मेजर अगदी हाच. मोडलेली माणसं आपण पुन्हा सैनिक करून देतो, यावर त्याचा देवासारखा विश्वास. अंगावर काटा येतो तो त्या विश्वासामुळे. खलनायक असता तर शिव्या घालून मोकळे झालो असतो.

हे सगळं कापून "फौजींनी जरूर पाहावा." वा.

हेरपटांबद्दल थोडक्यात. तुमच्या बहुतेक वाचकांची तक्रार एकच : गाड्या नाहीत, पिस्तुलं नाहीत, 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड'मध्ये रिचर्ड बर्टन नुसता थकलेला चेहरा घेऊन फिरतो. कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण 'द हिल' आणि बर्टनचा तो सिनेमा, दोन्ही १९६५चे, दोन्ही कृष्णधवल आणि दोन्हींचा छायाचित्रकार एकच, ओस्वाल्ड मॉरिस. एकीकडे डोळे दिपवणारं ऊन, दुसरीकडे ओला करडा उजेड, आणि दोन्हीकडे माणूस अडकलाय तो आपल्याच लोकांच्या कारभारात. तुमच्या पानावर या दोन सिनेमांच्या मधे चार चौकटींचं अंतर आहे.

'राझी'वर एकांनी लिहिलंय की पाकिस्तानी घरातली माणसं इतकी सज्जन दाखवायला नको होती. मग काय शिंगं लावायची होती? ती राक्षस असती तर हेरगिरीसाठी त्या घरात सून म्हणून गेलेल्या पोरीला त्रास कसला झाला असता?

आणि पाकिस्तानच्या कैदेतून पळणाऱ्या भारतीय युद्धकैद्यांवरच्या '१९७१' या हिंदी सिनेमाबद्दल "असं खऱ्यात कुणी पळू शकत नाही, सगळं फिल्मी" असं जे मत छापलंय, ते वाचून तर हसावं की रडावं कळेना. सिनेमातली पात्रं कल्पित आहेत, कबूल. पण आपल्या हवाई दलाचे दिलीप पारुळकर ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबत्यांबरोबर रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीची भिंत फोडून बाहेर पडले होते. बसने, टांग्याने, पायी, पेशावर ओलांडून लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. ते नाव नकाशावर होतं, पण तिथली रेल्वे इंग्रजांच्या काळातच बंद पडलेली. जे स्टेशन कधीच बंद झालंय तिथे हे तिघे परके कशाला निघालेत, असा संशय आला आणि पकडले गेले. ना पाठलाग, ना गोळीबार. रस्त्यावरच्या एका साध्या चौकशीत सगळं संपलं. हेर असो की कैदी, असाच सापडतो, आणि तुमचे वाचक त्यालाच 'संथ' म्हणतात. पारुळकर आपले, पुण्याचे. निदान पुरवणी लावणाऱ्यांनी तरी ते मत छापताना खाली दोन ओळींची टीप द्यायची.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती. माझं मूळ पत्र जागेअभावी छापता येत नसेल तर छापू नका, पण ते वाक्य माझं नाही एवढं स्पष्ट करा. तारे द्यायच्या चौकटीत माझ्या नावापुढे साडेतीन तारेही दिसतात. ते कुणी दिले? मी ती चौकट कोरी सोडली होती.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, जि. सातारा
(नाव-पत्ता आपल्याकडे आहे. या वेळी छापू नये.)

ता. क. : हल्ली पहिलं पान उघडलं की आधी चार पानं फ्लॅट आणि सोन्याच्या जाहिराती निघतात. बातम्यांचं खरं पहिलं पान पाचवं. आमच्याकडे परवा ते सौंनी जाहिरात समजून फडताळात अंथरलं. पत्रांना जागा नाही म्हणता तेव्हा हेही एकदा मोजून बघा.